तारे, बदाम आणि पानांत उरलेलें

गेल्या वैशाखांत धाकट्या भावाकडे जळगांवास आठ दिवस राहण्याचा योग आला. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत जळगांव गांठावयाचें म्हणजे दोन-अडीच तासांचा प्रवास. परंतु त्या दिवसांतील आमच्या खानदेशचें ऊन असें कीं, पोहोंचेपर्यंत माणसाचा पापड होतो. घरीं सारी मंडळी जमलेली. आई, दोघे भाऊ, सुना, नातवंडें. दुपारचीं जेवणें आटोपलीं कीं बाहेरचीं दारें लावून घ्यावयाचीं, माजघरांत कूलर सुरू करावयाचा, मोठ्यांनीं आडवें व्हावें आणि मुलांनीं पत्ते कुटावे, असा नेम. अशाच एका दुपारीं, यंदा नववींत जाणारी माझी पुतणी भिंतीकडे तोंड करून बसलेली दिसली. हातांत तिच्या आईचा फोन होता आणि डोळे भरलेले होते. परीक्षेचा निकाल तर केव्हांच लागला होता, आणि तोहि उत्तम. मीं जवळ जाऊन विचारलें, तेव्हां बराच वेळ कांहीं बोलेना. मग म्हणाली, "काका, माझ्या लळिंगला उणे सात पडलेत. मी तो काढूनच टाकणार आहें."

लळिंगला, म्हणजे धुळ्याजवळच्या आमच्या किल्ल्याला, कोणीं आणि कसले उणे सात दिले, हें समजून घेण्यांत माझी दुपारची झोंप गेली. ती गेल्याचें मला दुःख नाहीं. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज हेंच दुःख कोठल्या ना कोठल्या कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून बसलेलें असेल, म्हणून ती हकीकत येथें देतों.

ज्यांच्या घरीं बारा ते अठरा वर्षांचीं मुलें आहेत, त्यांना 'जॉमेट्री डॅश' हें नांव नवें नसावें. स्वीडनमधील रॉबर्ट टोपाला ह्या गृहस्थानें हा खेळ २०१३ सालीं काढला. दिसावयास तो अगदींच साधा आहे. एक चौकोनी ठोकळा गाण्याच्या तालावर आपोआप पुढें धांवत असतो. आपण बोट टेकवलें कीं तो उडी मारतो. वाटेंत कांटे असतात, त्यांवर आपटला कीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ. ह्या एका धांवेच्या मार्गाला मुलें 'लेव्हल' म्हणतात. आपण टप्पा म्हणूं. खेळाबरोबर आलेले टप्पे थोडेच आहेत. परंतु खेळाच्या पोटांतच एक कारखाना ठेवलेला आहे. ज्याला हौस असेल त्यानें तेथें आपला स्वतःचा टप्पा बांधावा, आणि जगांतील सर्व खेळणाऱ्यांपुढें मांडावा. अट एक, आणि ती मला फार आवडली: बांधणाऱ्यानें आपला टप्पा आधीं स्वतः आरंभापासून शेवटपर्यंत पार करून दाखविला पाहिजे; तोंपर्यंत तो बाहेर जात नाहीं. स्वयंपाक करणारानें आधीं मीठ चाखून पाहावें, तसेंच हें. (नैवेद्याची गोष्ट वेगळी, तेथें देवानेंच सांभाळून घ्यावयाचें असतें.)

गेल्या दिवाळींत आम्हीं तिला लळिंगवर नेलें होतें. तेथील पाण्याचीं टाकीं, पडके बुरूज, चढाची वाट हें सर्व त्या पोरीनें ठोकळे आणि कांटे लावून चार महिने खपून उभें केलें होतें. मीं तें पाहिलें. खेळ मला कळत नाहीं, पण किल्ला मीं ओळखला.

आतां त्या उण्या सातांविषयीं. खेळणाऱ्यास दोन बटणें असतात. अंगठा वर, म्हणजे आवडला. अंगठा खालीं, म्हणजे नावडला. टप्प्याखालीं दिसतो तो मात्र एकच आंकडा, आणि तो ह्या दोहोंची वजाबाकी असतो. मीं जन्मभर शाळेंत गणित शिकविलें. हा हिशेब ऐकतांच माझ्यांतला मास्तर जागा झाला. शंभरांना आवडला आणि शंभरांना नावडला तरी उत्तर शून्य. कोणी मत दिलेंच नाहीं तरी उत्तर शून्य. एका टप्प्यावरून माणसें हमरीतुमरीवर आलीं आहेत आणि दुसऱ्यावर नुसती धूळ सांचली आहे, हा भेद ज्या आंकड्यांत दिसत नाहीं, त्या आंकड्यासाठीं घरांतील पोर रडत होती!

चौकशींत आणखी एक गोष्ट उघडकीस आली. पहिल्या दिवशीं हाच आंकडा अधिक अकरा होता. ते अकरा कोणाचे? एक धुळ्याच्या आमच्या घरांतील माझ्या धाकट्या चिरंजीवांचा, बाकीचे वर्गांतील मैत्रिणींचे आणि त्यांच्या भावांचे. त्यांच्या टप्प्यांना हिनेंहि आधीं असेच अंगठे वाहिले होते. आई जवळच वाती वळीत बसली होती. तिला वाटतें तितकें ऐकूं येत नाहीं असें आम्ही समजतों, आणि ती समजूत तिच्या सोयीची आहे. ती एकदम म्हणाली, "अगं, मग हा तर आहेर झाला. त्यांच्या मुंजींत आपण पातेलें दिलें, आपल्या मुंजींत त्यांनीं पातेलें दिलें. पातेल्यावरून मुंज कशी झाली तें कळतें होय?"

हा आहेर केवळ खानदेशांतच चालतो असें मात्र नाहीं. २००८ सालीं 'लिटल बिग प्लॅनेट' नांवाचा एक खेळ निघाला होता. त्यांतहि लोकांनीं बांधलेल्या टप्प्यांना पांचांपैकीं तारे देण्याची, आणि विशेष आवडलेल्यास बदाम, आपल्या पत्त्यांतला बदाम, वाहण्याची सोय होती. थोड्याच काळांत 'तूं मला बदाम दे, मी तुला देतों' असा उघड व्यापार सुरू झाला, आणि इतका कीं त्याला इंग्रजींत आद्याक्षरांचें एक सुटसुटीत नांवहि पडलें. ताऱ्यांचीहि गत पुष्कळ ठिकाणीं अशीच झाली. यूट्यूबवर चलच्चित्रांना पूर्वीं पांच तारे असत. २००९ सालीं त्या मंडळींनीं स्वतःच जाहीर केलें कीं, तारे देणारे बहुतेक सारे पांचच्या पांच देतात, मधले आंकडे जवळजवळ पडूनच असतात. आणि पुढच्या वर्षीं तारे काढून अंगठे आणले. पेपर तपासणाऱ्या मास्तरानें सगळ्यांनाच शंभर दिले तर वर्गांत पहिला कोण हें ठरवितां येत नाहीं, हें कळावयास इतका खटाटोप करावा लागला ह्याचें मला नवल वाटलें. असो.

अकराचे उणे सात झाले, म्हणजे निदान अठरा अनोळखी माणसांनीं अंगठा खालीं केला. टप्पा उघडून पाहणारांचा आंकडा शेजारींच होता; तो दोनशेंच्या वर होता. म्हणजे दहांतल्या आठांहून अधिकांनीं आवड-निवड कांहींच न सांगतां वाट धरली. लग्नघरांतून न जेवतां परत गेलेला पाहुणा स्वयंपाकाची निंदाहि करीत नाहीं आणि स्तुतिहि करीत नाहीं. यजमानाला तो दिसतच नाहीं. मत देणारे नेहमीं दोन टोकांचे असतात, एक फार खूष झालेले आणि दुसरे फार चिडलेले. मधला मोठा समाज मुका राहतो.

त्यांतून, पहिल्यांचें पाहून दुसरे मत देतात हें निराळेंच. ह्यावर एक सुरेख प्रयोग झालेला आहे, तो मीं पुतणीला सांगितला. २०१३ सालीं 'सायन्स' ह्या प्रसिद्ध नियतकालिकांत तो छापून आला. एक लाखाहून अधिक लेखी अभिप्राय घेऊन, त्यांपैकीं कांहींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें, गुणदोष न पाहतां, आरंभींच एक खोटें अनुकूल मत चिकटविलें. कांहींना एक खोटें प्रतिकूल मत चिकटविलें. आणि बाकीचे तसेच ठेवले. ज्यांना खोटी स्तुति मिळाली होती त्यांना पुढच्या वाचकाकडूनहि अनुकूल मत मिळण्याचा संभव ३२ टक्क्यांनीं वाढला, आणि अखेरची त्यांची बेरीज सरासरीनें २५ टक्के अधिक भरली. एका पोकळ अंगठ्याची ही करामत! खोट्या निंदेचें मात्र तसें झालें नाहीं. पुढें आलेल्यांनीं ती बरीचशी भरून काढली. "मग माझी कां नाहीं भरून काढली?" असें तिनें विचारलें. प्रश्न बिनतोड होता. त्याचें उत्तर माझ्याजवळ त्या वेळीं नव्हतें. तें संध्याकाळीं मिळालें.

एवढ्यांत धाकटा भाऊ जागा होऊन संभाषणांत पडला. तो बँकेंत असतो, आणि बँकेंतील माणसाला आंकड्याची निंदा सहन होत नाहीं. त्याचें म्हणणें असें: "दादा, तुम्ही आंकड्याला नांवें ठेवतां, पण त्यावांचून निभावणार कसें? असे टप्पे कोट्यवधि आहेत. 'सुपर मारिओ मेकर' म्हणून जपानी खेळ २०१५ सालीं निघाला, त्यांत वर्ष पुरें व्हावयाच्या आंतच लोकांनीं ७० लाखांहून अधिक टप्पे बांधून ठेवले. एक मिनिट एका टप्प्याला दिला, जेवणझोंप सोडली, तरी ते पाहावयास तेरा वर्षें लागतील. कोणीतरी चाळण लावलीच पाहिजे."

मीं मनांत गुणाकार करून पाहिला. तेरा वर्षें बरोबर होतीं. आणि म्हणणेंहि बरोबर होतें. चाळण म्हणून हे आंकडे उपयोगी आहेत, ह्यांत मला शंका नाहीं. दहा हजारांनीं उचलून धरलेला टप्पा आणि दहा हजारांनीं झिडकारलेला टप्पा, ह्यांत पहिला चांगला असण्याचा संभव पुष्कळच अधिक. मात्र चाळणीला माल भरपूर हवा. येथें मीं भावाला त्याच्याच घरचा दाखला दिला. त्याच्या मोठ्या मेव्हणीचें स्थळ पाहतांना मुलाची चौकशी तीन ठिकाणीं केली, आणि तिन्ही ठिकाणीं 'मुलगा हिऱ्यासारखा' असें उत्तर आलें. शेंकडा शंभर! तरी आपल्या सासऱ्यांनीं आणखी सहा महिने चौकशी चालविलीच कीं नाहीं? तिघांपैकीं तिघांनीं चांगलें म्हणणें आणि दोनशेंपैकीं एकशें ऐशींनीं चांगलें म्हणणें, ह्यांत दुसरें अधिक भरंवशाचें, हें त्या वृद्धास गणितावांचून कळत होतें. गणितांत तें एड्विन विल्सन ह्या अमेरिकन पंडितानें १९२७ सालीं बसवून दिलें आहे. त्याच्या रीतीनें, शेंकडा पंचाण्णव भरंवसा धरून हिशेब केला, तर तिघांच्या एकमुखी स्तुतीवरून खरी पसंती ४४ टक्क्यांइतकी खालींहि असूं शकेल. दोनशेंतल्या एकशें ऐशींवरून मात्र ती ८५ टक्क्यांच्या खालीं जाण्याची भीति फारशी नाहीं. पुतणीच्या पारड्यांत पडलेलीं मतें २९, त्यांतलीं ११ आहेराचीं. तेवढ्या भांडवलावर विल्सनसाहेबांनीं दुकानहि उघडलें नसतें.

भाऊ हंसला, पण हटला नाहीं. म्हणाला, "ह्या खेळांत ताऱ्यांची व्यवस्था निराळी आहे. अंगठे खेळणारे देतात. पण तारे खेळाचा कर्ता स्वतः देतो, जाणत्या मदतनिसांनीं शिफारस केल्यावर." ही माहिती मला नवी होती, आणि ती ऐकून बरें वाटलें. परीक्षक पक्षपात करील, चुकेल. पण तो निदान टप्पा पाहून मत देतो, आणि आपल्या मतास नांवानें बांधलेला असतो. अडचण इतकीच कीं, परीक्षक मोजके आणि पेपर कोट्यवधि. नववींतल्या मुलीचा लळिंग त्यांच्यापुढें जाणार कधीं?

भावाचा थोरला मुलगा इतका वेळ बुद्धिबळाचा पट मांडून एकटाच डाव सोडवीत बसला होता. त्याच्याकडे पाहतां पाहतां मला वाटलें कीं, आमच्या बोलण्यांत एक मोठा घोंटाळा होत आहे. टप्पा कठीण आहे कीं सोपा, हा एक प्रश्न. आणि तो खेळतांना आनंद होतो कीं नाहीं, हा अगदींच दुसरा. बुद्धिबळांत दुसऱ्यानें सोडवावा म्हणून डाव मांडून ठेवण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांच्या संस्कृत ग्रंथांतील अशा मांडलेल्या डावांचें पुस्तक मुंबईस १८१४ सालीं इंग्रजींत छापलें गेलें. त्या डावांपैकीं कोणता किती कठीण, हें सांगावयास मात्र शास्त्रीबुवांचाच शब्द प्रमाण. आज पुतण्या ज्या 'लिचेस'च्या विनामूल्य पटावर डाव सोडवितो, तेथें ही गोष्ट मोठ्या युक्तीनें केलेली आहे. अर्पाद एलो ह्या हंगेरींत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकानें खेळाडूंची योग्यता मोजण्याची एक रीत बसविली, व ती जागतिक बुद्धिबळ संघटनेनें १९७० सालीं स्वीकारली. जो जिंकेल त्याचे अंक वाढावयाचे, हरेल त्याचे उतरावयाचे. बलवानाला हरविलें तर अधिक वाढावयाचे. त्याच घराण्यांतील एक सुधारलेली रीत तेथें मांडलेल्या डावालाच लावतात. डाव हाहि जणूं एक खेळाडू! तुम्हांला तो सुटला नाहीं तर डाव जिंकला, त्याचे अंक वाढले. सुटला तर डाव हरला. येथें कोणाला 'तुम्हांला काय वाटलें?' असें विचारीतच नाहींत. केलें काय, तेवढेंच पाहतात. आवडला कीं नाहीं हें विचारावयास निराळे अंगठे आहेत, ते ह्या हिशेबांत मिसळत नाहींत. माझ्या मतें शहाणपण आहे तें इतकेंच कीं, दोन प्रश्नांचीं उत्तरें एका आंकड्यांत कोंबूं नयेत.

मारिओच्या खेळांतहि काठिण्य असेंच ठरत असे: शंभर प्रयत्नांत किती तडीस गेले ह्यावरून सोपा, साधारण, कठीण अशी वर्गवारी होत असे. परंतु करणीचा आंकडा झाला म्हणून तोहि कधीं ठकवीत नाहीं, असें समजण्याचें कारण नाहीं. त्या खेळाची दूरवरची सेवा ८ एप्रिल २०२४ रोजीं बंद व्हावयाची होती. त्यापूर्वीं, कोणालाच पार करतां न आलेले सारे टप्पे पार करून टाकावयाचे, असा विडा जगभरच्या खेळाडूंनीं उचलला, आणि खरोखर एकेक करीत सारे उडविले. अखेरीस राहिला तो २०१७ सालीं मांडलेला 'ट्रिमिंग द हर्ब्स' नांवाचा एक चिमुकला टप्पा. खेळणारे त्यावर दिवसरात्र डोकें फोडीत होते. तेव्हां मार्च महिन्यांत त्याच्या कर्त्यानें कबुली दिली कीं, आपण तो स्वतःच्या हातांनीं पार केलाच नव्हता. यंत्राच्या कुबड्या घेऊन पार झाल्याचें दाखविलें होतें. सात वर्षें त्या टप्प्यावर जें शून्य झळकत होतें, तें 'कठीण' म्हणत होतें कीं 'अशक्य', हें त्या शून्याला विचारून कळण्याजोगें नव्हतें. गंमत पुढेंच आहे. सेवा बंद होण्यास तीन दिवस असतां, ५ एप्रिलला, एका खेळाडूनें तो आपल्या बोटांनीं पार करून दाखविला. ही गोष्ट ऐकल्यावर पुतणीच्या तोंडावर त्या दिवशीं पहिल्यानें हंसूं दिसलें.

संध्याकाळीं आमरस आणि खापरावरचे मांडे असा बेत होता. जळगांवांत केळीच्या पानांना काय तोटा? चौदा पानें मांडलीं. धाकट्या सूनबाईंनीं हौसेनें गवारीची भाजी नव्या तऱ्हेनें, तीळकूट घालून केली होती. प्रत्येकानें "वा!" म्हटलें. मीहि म्हटलें. सूनबाई प्रसन्न झाल्या. जेवणें झाल्यावर मंडळी हात धुवावयास उठली, तेव्हां आई मात्र काठी टेकीत पंक्तीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत हळूहळू चालत गेली. हा तिचा साठ वर्षांचा परिपाठ आहे. लहानपणीं मला वाटे, ती सांडलेलें पाहते. परत येऊन तिनें सूनबाईंना हळूच सांगितलें, "चव छान साधली हो. पण गवार जून निघाली. अकरा पानांत शेंगांचे दोर उरलेत."

मीं पुतणीकडे पाहिलें. तिनें माझ्याकडे पाहिलें. आणि ती फोन आणावयास धांवली.

ह्या खेळांत टप्प्याखालीं दोन शब्द लिहिण्याची सोय आहे, आणि लिहिणारा तो टप्पा शेंकडा किती पार करूं शकला हा आंकडाहि शब्दांशेजारीं दाखवितां येतो. लळिंगखालीं असे नऊ अभिप्राय होते. शब्द बहुतेक कटु होते, आणि तिनें वाचले होते ते तेवढेच. आंकडे तिनें पाहिलेच नव्हते. आम्हीं ते कागदावर उतरविले: चौतीस, चौतीस, बारा, पस्तीस, चौतीस, चौतीस, सदुसष्ट, चौतीस, चौतीस. नऊ पानांपैकीं सातांत एकाच जागीं दोर उरला होता.

"चौतिसावर काय आहे ग?" मीं विचारलें.

"टाक्यानंतरची कमान. तिथें झुडुपामागें एक कांटा आहे. पण काका, तो कांहीं कठीण नाहीं, मला तर तो दिसतो!"

"तुला दिसेलच. तूंच तो पेरला आहेस."

ती गप्प झाली. बांधणाऱ्यानें आपला टप्पा आधीं स्वतः पार करावा ही जी अट मला सकाळीं इतकी आवडली होती, तिची खोट मला तेव्हां दिसली. घर बांधणारा माणूस अंधारांतहि उंबऱ्याला अडखळत नाहीं. म्हणून उंबरा ठीक आहे असें होत नाहीं. दुपारच्या तिच्या प्रश्नाचें उत्तरहि येथेंच होतें. प्रयोगांतली निंदा खोटी होती म्हणून ती पुढच्यांनीं भरून काढली. हिच्या वांट्यास आलेली निंदा तोंडानें फटकळ असली तरी खोटी नव्हती. मारिओच्या खेळांत ठोकळ्याऐवजीं माणूस पडे, आणि आपण पडलों कीं आपल्यापूर्वीं तेथें जे जे पडले त्यांच्या तांबड्या फुल्या पडद्यावर उमटत असत. एके ठिकाणीं फुल्यांचा खच पडलेला पाहिला कीं बांधणाऱ्याला आणखी काय सांगावयाचें उरतें? दहा हजार अंगठ्यांपेक्षां त्या फुल्या त्याला अधिक शिकवितात असें मला वाटतें. निवडणाऱ्याला आंकडा हवा हें भावाचें म्हणणें मीं मान्य केलें. पण बांधणाऱ्याच्या हातीं तोच आंकडा दिला तर तो एक तर फुगतो, नाहीं तर रडतो. दुरुस्ति कांहीं करूं शकत नाहीं.

रविवारीं धुळ्याहून आमचे चिरंजीव येऊन दाखल झाले. त्यांचा अंगठा त्या अकरांत होता, हें वर सांगितलेंच आहे. पुतणीनें त्याला विचारलें, "दादा, तूं माझा लळिंग कुठपर्यंत खेळलास?" त्यानें डोकें खाजविलें. मग कबूल केलें कीं, बटण दाबलें तें पायथ्यावरच. खेळावयाचें राहून गेलें. आईनें "आहेर" एवढेंच म्हटलें. मग त्याला फोन देऊन समोर बसविलें, आणि पुतणीला आजीची सक्त ताकीद मिळाली कीं, तोंडांतून अवाक्षर काढावयाचें नाहीं. पाहुण्याच्या पानाशीं बसून 'ह्यांत मीं अमुक घातलें आहे' असें सांगत राहिलें कीं पाहुणा खातो खरा, पण त्याला काय आवडलें तें कधीं कळत नाहीं.

तो चौतिसावर सतरा वेळां पडला. मी मोजीत होतों. पोरगी ओठ दाबून, दोन्ही हात मांडीखालीं घालून बसली होती. दहाव्या वेळीं तिचा श्वास बाहेर पडला, पण शब्द पडला नाहीं. अठराव्या वेळीं तो कमानीतून निसटला आणि तसाच धडधडत सदुसष्टापर्यंत गेला. तेथें दुसराच एक खड्डा होता, त्याची तिला कल्पनाहि नव्हती. त्या दिवशीं दुपारीं कोणी पत्ते खेळलें नाहीं. वहींत रकाने आंखून ती दर पडण्याची नोंद करीत बसली; भावाचा थोरला बुद्धिबळ सोडून आला; सूनबाईंनींसुद्धां एकदां ठोकळा उडवून पाहिला आणि तो सहा टक्क्यांवर आपटला.

झुडूप तिनें बाजूस सरकविलें. कांटा ठेवला, "किल्ल्यावर कांटे असतातच," असें तिचें म्हणणें, आणि तें मला पटलें. सुधारलेला टप्पा त्याच नांवानें पुन्हां मांडतां येतो. परंतु जुने अंगठे तसेच चिकटून राहतात. ज्या झुडुपासाठीं ते खालीं गेले तें झुडूप आतां तेथें नाहीं, तरी त्याची शिक्षा चालूच. खानावळीचा आचारी बदलला तरी गांवांत नांव जुन्याच आमटीचें निघतें, त्यांतलाच हा प्रकार. मी धुळ्यास परतल्यावर पंधरा दिवसांनीं तिचा फोन आला, तेव्हां आंकडा उणे पांचावर होता. म्हणजे म्हणण्यासारखा हाललाच नव्हता. तो तिनें मीं विचारल्यावर सांगितला. आपण होऊन सांगितलें तें निराळेंच: नव्या अभिप्रायांत चौतीस एकहि नाहीं; अठ्ठावन्न आहे, एक्क्याऐशीं आहे, आणि कोण्या अनोळखी खेळाडूचे एक शंभर आहेत. त्यानें शब्द कांहींच लिहिला नाहीं, नुसती एक टिंबांची ओळ काढली आहे. ती ओळ म्हणजे स्तुति कीं जांभई, ह्यावर जळगांवच्या घरांत दोन तट पडले असून आईचें मत अद्याप कळलेलें नाहीं.

येत्या दिवाळींत तिला सोनगीरचा किल्ला पाहावयाचा आहे. ह्या खेपेस मोजपट्टी बरोबर घ्यावयाची, आणि चढतांना दादाला पुढें ठेवावयाचा, म्हणजे तो कोठें ठेचकाळतो तें आधींच कळेल, असा तिचा बेत आहे. चिरंजीवांना तो अद्याप कोणीं सांगितलेला नाहीं.